कुलपातली मराठी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शहरातील एका जुन्या मराठी संस्थेच्या कार्यकारिणीपुढे एक साधा अर्ज आला. महाविद्यालयात शिकणाऱ्या चार मुलामुलींनी तो केला होता. संस्थेच्या ग्रंथालयातील १९४७ पूर्वीची पुस्तके आणि मासिकांचे बांधीव खंड यांच्या पानापानाची छायाचित्रे घ्यावीत व ती आंतरजालावर सर्वांसाठी विनामूल्य ठेवावीत, अशी त्यांची इच्छा होती. कॅमेरा त्यांचा, श्रमही त्यांचेच. संस्थेने कपाटे उघडायची आणि पंखा चालू असलेली एक खोली द्यायची, एवढेच मागणे होते. कार्यकारिणीने अर्ज नामंजूर केला.

आमच्यापैकी दोघे त्या सभेस हजर होते. तेथे नामंजुरीची जी कारणे मांडली गेली, ती कोणा उपऱ्या वा उदासीन माणसांची नव्हती. संस्थेसाठी आयुष्याची तीस-चाळीस वर्षे वेचलेल्या, मराठीवर जीव असलेल्या ज्येष्ठांची ती होती. म्हणूनच त्यांना खाजगीत हसून सोडून देणे आम्हांस योग्य वाटत नाही. त्यांचा प्रतिवाद जाहीरपणे, नाव न घेता परंतु आडपडदा न ठेवता करणे अवश्य आहे. कारण हीच कारणे बडोद्यापासून हैदराबादपर्यंत आणि ग्वाल्हेरपासून पणजीपर्यंत आपल्या अनेक संस्थांच्या बैठकींत ऐकू येतात.

कारणे तीन होती. पहिले कायद्याचे: पुस्तकांवर स्वामित्वहक्क असतो, उद्या कोणा लेखकाचा नातू उभा राहिला तर दावा कोण लढणार? दुसरे व्यापाराचे: आज परदेशी कंपन्या कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे घडवण्यासाठी जगातील सारे लेखन ओढून नेत आहेत, आपल्या पूर्वजांनी पै-पै जमवून उभे केलेले धन आपण त्यांच्या पदरात फुकट का घालावे? तिसरे कारण सभेत हळू आवाजात आले, पण तेच खरे असावे असा आमचा संशय आहे: सगळे घरबसल्या मिळू लागले तर आपल्या ग्रंथालयात येईल कोण?

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, या कुलपामुळे कंपन्यांचे काहीही अडत नाही. अडते ते आपले. कंपन्यांशी भांडण जरूर करावे, त्यासाठी आम्हीही तयार आहोत. पण ते भांडण कायदेमंडळात आणि न्यायालयात करायचे असते, ग्रंथपालाच्या किल्ल्यांच्या जुडग्याने नव्हे.

प्रथम कपाटात आहे काय, ते पाहू. आपल्याकडे एक समजूत पक्की आहे की जुनी मराठी पुस्तके पुण्या-मुंबईच्या मोठ्या संग्रहांत असणारच. आपल्याजवळची प्रत गेली तरी मूळ कुठे जाते! ही समजूत निराधार आहे. १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तक नोंदणी कायद्यान्वये ब्रिटिश हिंदुस्थानात छापलेल्या पुस्तकांच्या प्रती सरकारजमा होत आणि त्यांची नोंद प्रांताप्रांतांच्या त्रैमासिक याद्यांतून प्रसिद्ध होई. बेळगाव मुंबई इलाख्यात असल्याने तेथील पुस्तके या नोंदीत आली. परंतु होळकरांचे इंदूर, शिंद्यांचे ग्वाल्हेर, गायकवाडांचे बडोदे आणि निजामाचे हैदराबाद ही संस्थाने होती. गोवा पोर्तुगिजांकडे होता. तो कायदा ब्रिटिश मुलखापुरता. स्वतंत्र भारतात १९५४ साली पुस्तके सार्वजनिक ग्रंथालयांस देण्याचा कायदा झाला आणि तेव्हापासून प्रत्येक प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांत प्रत धाडणे बंधनकारक झाले. तात्पर्य, १९१० साली इंदुरात किंवा बडोद्यात छापलेले एखादे मराठी चरित्र, एखादा व्याख्यानसंग्रह, एखाद्या स्त्री-मंडळाचे हस्तपुस्तक कोठल्याही सरकारी संग्रहात असेलच, याची खात्री कोणालाही देता येत नाही. आपल्या कपाटातील प्रत ही शेवटची असू शकते.

आणि त्या प्रतीचे वय पाहा. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या त्या काळच्या स्वस्त कागदात आम्ल असते. तो पिवळा पडतो, मग तपकिरी होतो आणि शेवटी दुमडल्या जागी पापडासारखा तुटतो. दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईच्या वर्षांत छापलेल्या अंकांची अवस्था तर आपण सारे जाणतोच. कसर आणि वाळवी यांना कार्यकारिणीची परवानगी लागत नाही. अर्ज फेटाळला गेला त्या संध्याकाळी आम्ही एक खंड सहज उघडून पाहिला, तेव्हा शिवणीपासून सुटलेली चार पाने हातात आली. जतन या शब्दाचा अर्थ आपण कुलूप असा केला आहे, आणि कुलपाआड पुस्तक निवांत मरत आहे.

हे संग्रह ज्यांनी उभे केले त्यांची वृत्ती कशी होती, हेही आठवावे. महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली आपल्या साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मग शिकलेल्या प्रजेने वाचायचे काय, हा प्रश्न पडताच १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून घेऊन बडोद्यात ग्रंथालयांची संपूर्ण व्यवस्था बसवली. मध्यवर्ती ग्रंथालय झाले, आणि जेथे ग्रंथालय नव्हते अशा खेड्यांत लाकडी पेट्यांतून पुस्तके फिरू लागली. राजवाड्यातील पुस्तके प्रजेसाठी खुली करणारा तो राजा होता. पेटीतून गेलेले पुस्तक फाटेल, हरवेल, कोणी परकाच वाचेल, ही भीती त्यालाही घालता आली असती. आज तीच पेटी विजेच्या वेगाने आणि मूळ पुस्तकाला धक्का न लावता फिरवता येत असताना आपण ती बंद करून तिच्यावर बसलो आहोत.

आता कायदा. ज्येष्ठांनी सांगितलेली भीती अर्धी खरी आहे, म्हणून ती नीट समजून घेऊ. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे हक्क टिकत असे. १९९१ साल संपत आले तेव्हा, १९४१ साली निवर्तलेल्या रवींद्रनाथ ठाकुरांचे साहित्य मुक्त होण्याची वेळ आली, आणि ऐन वर्षाखेरीस वटहुकूम काढून व नंतर १९९२ साली दुरुस्ती करून ही मुदत साठ वर्षांवर नेण्यात आली. रवींद्रनाथांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच १९४१ सालच्या डिसेंबरात ग्वाल्हेरीस आपले भास्कर रामचंद्र तांबे गेले, हे त्या वेळी दिल्लीत कोणाच्या ध्यानीही नसावे. शांतिनिकेतनासाठी वाढवलेली दहा वर्षे तांब्यांच्या कवितेलाही लागली, आणि ती १ जानेवारी २००२ रोजी मुक्त झाली. धोरण कोणा एकासाठी आखले जाते व त्याचे पाणी सगळ्यांच्या अंगणात शिरते, याचे हे घरचे उदाहरण. आपण त्या चर्चेत नव्हतो. यापुढे तरी असावे.

असो. मुद्दा असा की, हिशेब अवघड नाही. मृत्यूच्या वर्षात साठ मिळवावे. ते वर्ष संपले की पुस्तक सर्वांचे. ज्ञानकोशकार केतकर १९३७ साली गेले, ते केव्हाच मुक्त झाले. साने गुरुजी २०११ च्या आरंभी, मर्ढेकर २०१७ च्या, आणि बडोदे संस्थानच्या नोकरीत हयातीची उमेदीची वर्षे घालवलेले रियासतकार सरदेसाई २०२० च्या आरंभी मुक्त झाले. त्यांच्या ग्रंथांच्या मूळ आवृत्त्यांवर आज कोणाचाही हक्क नाही, नातवाचाही नाही. ही कपाटे आजच, कोणासही न विचारता उघडता येतात. हक्क शिल्लक असलेल्या पुस्तकांच्या बाबतीतही कायदा ग्रंथालयांना अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, व्यापारी हेतू नसलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याजवळील छापील पुस्तकाची संगणकीय प्रत जतनासाठी करून ठेवता येते. ती जगापुढे मांडता येणार नाही, हे खरे. पण वाळवीच्या आधी ती काढून ठेवण्यास बंदी नाही. तेव्हा कायद्याच्या नावाने सरसकट नकार देणे म्हणजे रस्त्यावर एके ठिकाणी खड्डा आहे म्हणून घराबाहेरच न पडणे होय.

खरा खड्डा वेगळाच आहे, आणि त्याविषयी आपल्या संस्था कधी अवाक्षर काढत नाहीत. १९३८ सालचा मासिकाचा एक अंक घ्या. त्यात वीस लेखकांची नावे आहेत. त्यांतील तिघे-चौघे प्रसिद्ध. उरलेले कोणी मास्तर, कोणी संस्थानी कारकून, कोणी 'एक भगिनी' अशा टोपणनावाने लिहिणारी गृहिणी. ते केव्हा वारले, वारस कोण, हे कोणास सांगता यावे? अशा बेवारस लेखनासाठी कायद्यात ३१अ हे कलम आहे. ते काय सांगते? एकेका कृतीसाठी स्वतंत्र अर्ज करा. अर्जापूर्वी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात आपला प्रस्ताव जाहिरातीने प्रसिद्ध करा. मग परवाना आणि त्याचे शुल्क. हे अर्ज ऐकणारे मंडळ आधी दुसऱ्या न्यायाधिकरणात विलीन झाले, २०२१ साली ते न्यायाधिकरणही रद्द झाले, आणि काम वाणिज्य न्यायालयांकडे गेले. सोळा पानांच्या मराठी नाटिकेसाठी इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यायची आणि वाणिज्य न्यायालयाची पायरी चढायची! कोणते ग्रंथालय हे करील? युरोपीय संघाने बेवारस ग्रंथांसाठी २०१२ साली आणि बाजारातून उठलेल्या ग्रंथांसाठी २०१९ साली ग्रंथालयांना सोपी वाट करून दिली. प्रामाणिक शोध घ्यावा, त्याची नोंद ठेवावी, हक्कदार पुढे आल्यास त्याचे देणे द्यावे, असा त्यातील सरळ विचार आहे. आपल्याकडे ही मागणी घेऊन आपल्यापैकी किती संस्थांनी खासदाराला साधे एक पत्र लिहिले आहे? एकाही संस्थेने लिहिल्याचे आमच्या कानी नाही.

आता दुसरे कारण, कंपन्यांचे. येथे आम्ही ज्येष्ठांशी निम्म्याहून अधिक सहमत आहोत. लेखकांना न विचारता त्यांचे लेखन उचलले गेले आहे, ही कविकल्पना नव्हे. अमेरिकेत अँथ्रॉपिक या कंपनीने चोरट्या ग्रंथसंग्रहांतून पुस्तके उतरवून घेतल्याबद्दल लेखकांनी भरलेल्या दाव्यात २०२५ साली दीड अब्ज डॉलर देण्याचे मान्य केले. सुमारे पाच लाख पुस्तके, पुस्तकामागे सुमारे तीन हजार डॉलर. आपल्याकडे एका वृत्तसंस्थेने ओपनएआय या कंपनीविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आहे. म्हणजे तक्रार रास्त आहे आणि ती न्यायालयांत पोहोचलीही आहे. परंतु अमेरिकेतील तडजोडीतली एक अट पाहावी. भरपाई मिळणार ती अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात ज्यांची रीतसर नोंद होती अशाच पुस्तकांना. ग्वाल्हेरच्या कवीची किंवा बेळगावच्या कथालेखकाची नोंद तेथे कशी असणार? ज्याच्याजवळ कागद आहे त्यालाच दाद मिळते. आपल्या संस्थांनी आपल्या लेखकांची साधी मृत्यूवर्षांसह सूचीही केलेली नाही. कुलूप मात्र भक्कम आहे.

केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाने नेमलेल्या समितीने डिसेंबर २०२५ मध्ये एक कार्यपत्र प्रसिद्ध केले. त्यातील प्रस्ताव असा की, कायदेशीर मार्गाने हाती आलेले कोणतेही लेखन यंत्रांच्या शिक्षणासाठी वापरण्याची मुभा कंपन्यांना सक्तीच्या परवान्याने मिळावी, आणि त्याबद्दल ठरावीक मानधन त्यांनी भरावे. लेखकास नकाराचा अधिकार त्यात नाही. आम्हांस हे मान्य नाही. ज्याची हयात आहे, ज्याचा हक्क शाबूत आहे, त्याला 'नको' म्हणता आलेच पाहिजे. पुस्तक हे काही महामार्गासाठी संपादन करायची जमीन नव्हे. शिवाय मानधन जमा झाले तरी ते सूचीतही नाव नसलेल्या लेखकापर्यंत कसे पोहोचणार, हा प्रश्न उरतोच. या प्रस्तावाविरुद्ध आपल्या संस्थांनी बोलावे, जोराने बोलावे. आम्ही त्यांच्यासोबत आहोत.

पण जिवंत लेखकाचा हक्क ही एक गोष्ट, आणि नव्वद वर्षांपूर्वी वारलेल्या लेखकाचे मुक्त झालेले पुस्तक ही दुसरी. ते पुस्तक कंपनीचे नाही तसे कार्यकारिणीचेही नाही. ते सर्वांचे आहे. कंपनीला मिळू नये म्हणून ते लोकांपासून दडवायचे, याचा अर्थ चोराच्या भयाने घरच्यांना उपाशी ठेवायचे असा होतो. आणि चोराला तरी काय कमी पडते? मराठीचे जे काही उघड्यावर आहे ते त्याने केव्हाच नेले. वर्तमानपत्रे नेली, सरकारी संकेतस्थळे नेली, लोकांच्या गप्पा नेल्या.

येथे आम्ही आमच्या म्हणण्याच्या गाभ्याशी येतो. यंत्र मराठी कोठून शिकते? जे उघड्यावर आहे त्यातून. शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थचा कोश आंतरजालावर ठेवला आहे. १८३१ साली प्रथम निघालेला, १८५७ साली सुधारलेला, कंपनी सरकारच्या एका लष्करी अधिकाऱ्याने सिद्ध केलेला हा कोश आज कोणीही, कोठूनही, पैसा न देता उघडतो. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही तेथेच आहे. केतकरांचा ज्ञानकोश आणि वाईचा विश्वकोश आंतरजालावर आले, म्हणून आजचा विद्यार्थी त्यांची नावे तरी घेतो. केतकर १९३१ साली हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांचा ज्ञानकोश जगापुढे आला. पण त्या संमेलनाला जमलेल्या हैदराबादकर मराठी मंडळींनी स्वतः काय लिहिले, ते कोठे आहे? ते कपाटात आहे.

परिणाम काय होतो, तो आम्ही रोज पाहतो. आमच्या घरातील मुलगी संगणकावर मराठी लिहू लागते आणि आजीचा एखादा शब्द लिहिला की त्याखाली लाल रेघ उमटते. इंदूरकडचे 'येऊन राहिलो आहे', हैदराबादेकडचा 'हौ', संस्थानी दफ्तरांतील शेकडो व्यवहारशब्द यांना यंत्र एक तर चूक ठरवते किंवा हिंदी समजते. ही लाल रेघ आपल्याला नवी नाही. पुण्याहून आलेल्या पाहुण्याने आपल्या बोलण्यावर भुवई उंचावणे आपण पिढ्यान् पिढ्या सोसले आहे. फरक इतकाच की पाहुणा चार दिवसांनी परत जाई. यंत्र जाणार नाही. ते शाळेत बसेल, बँकेत बसेल, सरकारी अर्जांचे भाषांतर करील. केंद्र सरकारची 'भाषिणी' योजना २०२२ पासून भारतीय भाषांसाठी हेच करू पाहत आहे. त्या यंत्राला आपण कोण, हे आपल्या लेखनाखेरीज दुसरे कोण सांगणार?

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. त्यांत मध्यप्रदेशातील १२ लाखांहून अधिक, गुजरातेतील ९ लाखांहून अधिक, गोव्यातील दीड लाखाहून अधिक. एवढ्या माणसांचे दोन-अडीचशे वर्षांचे लेखन जमेस न धरता 'प्रमाण मराठी' ठरत असेल, तर ती प्रमाण कशी? मराठीची घडण अशी कधीच नव्हती. चावी, पगार, बटाटा हे शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतले. कुलूप तर अरबीतून फारसीच्या वाटेने आले. उसन्या कुलपाने आणि उसन्या चावीने आपण आपलीच भाषा बंद करून ठेवावी, हा विनोद नव्हे काय? महाराष्ट्राबाहेरच्या मराठीने काय काम केले याचा एक पुरावा सांगतो. बडोदे सरकारने १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा राज्यकारभाराच्या पारिभाषिक शब्दांचा बहुभाषी कोश काढला. मराठी राज्यभाषा होण्याच्या कितीतरी आधी कारभाराचे मराठी शब्द बडोद्यात घडत होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपल्या संस्थांनी पेढे वाटले. पेढे आम्हीही खाल्ले. पण अभिजात म्हणवणाऱ्या भाषेची पुस्तके तिच्याच लोकांना दिसू नयेत, याला काय म्हणावे?

तिसऱ्या कारणाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ग्रंथालयात कोणी येणार नाही, ही भीती ज्या दिवशी व्यक्त झाली त्या दिवशी वाचनकक्षात दोन वाचक होते, आणि त्यांतले एक झोपले होते. लोक येत नाहीत ते पुस्तके बाहेर गेली म्हणून नव्हे; आत काय आहे हे कोणास ठाऊकच नाही म्हणून. तंजावरच्या सरस्वती महालातील मराठी हस्तलिखितांसाठी अभ्यासक तमिळ मुलुखात जातात, कारण त्यांच्या सूच्या छापल्या गेल्या आहेत. सूची आधी, वाचक नंतर, हा क्रम ठरलेला आहे.

एक सावधगिरी मात्र आम्ही स्वतःहून सांगतो, कारण तिची किंमत आम्ही मोजली आहे. नव्वदच्या दशकात आपल्या या पत्रिकेचे अंक संगणकावर जुळू लागले तेव्हा आम्हांस धन्यता वाटली होती. देवनागरीसाठी सर्वमान्य संकेत त्या वेळीही होते. इस्की हे भारतीय मानक १९९१ चे आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. पण बाजारात प्रत्येक टंकविक्रेत्याची अक्षरे आपापल्या गुप्त क्रमाने मांडलेली असत. आमचे अंक अशाच एका टंकात होते. तो टंक गेला, जुळारी गेले, आणि फायली उघडल्या तर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. आज त्या वर्षांचे छापील अंक वाचता येतात, संगणकातले नाहीत. बोध असा की, संग्रह कोणा एका कंपनीच्या हवाली करू नये, एकाधिकाराचा करार करू नये, आणि जे काही उतरवायचे ते सर्वांना उघडता येईल अशा रूपात उतरवावे. मूळ पुस्तक तर कदापि टाकू नये. चित्र काढणे हे निम्मेच काम आहे. मोठमोठ्या सरकारी योजनांतून हजारो मराठी पुस्तकांची चित्रे निघाली, पण नावे रोमन लिपीत चुकीची लिहिल्यामुळे ती सापडतच नाहीत. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे अनुस्वार, जुने खिळे, मोडीतील शेरे हे यंत्राला चटकन वाचता येत नाही. मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले तेच २०१४ साली. ते वाचून दुरुस्त करणारी माणसे आज आपल्याच घरांत आहेत, सत्तरी-ऐंशीच्या पुढची. पुस्तकाइतकीच घाई त्यांच्यासाठीही आहे.

तेव्हा आमच्या मागण्या अशा. प्रत्येक संस्थेने वर्षभरात आपल्या १९५४ पूर्वीच्या पुस्तकांची सूची, लेखकांच्या मृत्यूवर्षांसह, प्रसिद्ध करावी. जे मुक्त आहे ते विनाअट सर्वांपुढे ठेवावे. ज्यावर हक्क आहे त्याची जतनप्रत कायद्याने दिलेल्या सवलतीत आजच करावी, आणि हयात लेखकांना व ज्ञात वारसांना पत्र लिहून संमती विचारावी. नकार आल्यास तो मानावा. बेवारस लेखनासाठी ग्रंथालयांना सुलभ मार्ग मिळावा आणि लेखकाचा नकाराचा अधिकार कायम राहावा, या दोन मागण्यांचे एकच निवेदन आपल्या सर्व शहरांतील संस्थांनी मिळून केंद्र सरकारकडे धाडावे. कंपन्यांशी लढण्याची ज्यांना उमेद आहे त्यांच्यासाठी रणांगण हे आहे.

अर्ज करणाऱ्या त्या चौघांपैकी दोघे नोकरीनिमित्त बेंगळुरूस गेले. दोघे अजून येथे आहेत. परवा भेटले तेव्हा कॅमेरा आहे असे म्हणाले. येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही त्यांचा अर्ज ठराव म्हणून पुन्हा मांडणार आहोत. ज्यांना आमचे म्हणणे पटले त्यांनी यावे, ज्यांना पटले नाही त्यांनी तर अवश्य यावे. मात्र येण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या घरातील एक जुने पुस्तक काढून त्याचे मधले पान हलकेच उलटून पाहावे, एवढीच विनंती.